काका विचारून राह्यले

जालन्यात मे महिन्याच्या भर दुपारी रस्त्यावर कुणी नसतं. धान्याच्या मोंढ्यातले हमाल पोत्यांच्या सावलीला आडवे झालेले असतात, कुत्री नळाखालच्या ओल्या मातीत. नेमका त्या वेळी आमच्या कचेरीतला मोडेम वाजायचा. आधी घंटी, मग लांब शीळ, मग कुणीतरी घसा खाकरावा तशी खरखर, आणि एकदम शांत. याचा अर्थ टेंभुर्णीचा कॉम्प्युटर फोनच्या तारेवरून आमच्या कॉम्प्युटरपाशी येऊन उभा राहिला. पूर्वी तो आला की लगेच आत यायचा. त्या उन्हाळ्यात तो नुसता उभा राहायला लागला. मी खुर्चीच्या कडेवर बसून मोडेमच्या लाल दिव्याकडे बघत असे. लाईन लागलेली आहे, तुटलेली नाही, आणि तरी तिकडे टेंभुर्णीच्या पडद्यावर काहीच उमटत नाही. मिनिटभर, कधी त्याहून जास्त. मग आपोआप दार उघडायचं आणि पुढचं काम जसं काही झालंच नव्हतं असं चालू व्हायचं.

कचेरीतली कॉम्प्युटरची खोली सांभाळणारे काका वारून तेव्हा थोडे महिने झाले होते. कचेरीत जो तो म्हणत होता, काकाच अडवतात.

मी अशा बोलण्यावर हसणारा माणूस नाही. हसायला धीर लागतो, तो माझ्यात कमी. घराला कुलूप लावून निघालो तरी कोपऱ्यावरून परत येऊन कुलूप ओढून बघणारा मी. त्यात मूळचा कोकणातला, म्हणून बाकीच्यांना आयतंच सापडलो होतो. गोडाऊनचा कारकून म्हणायचा, "कोकण्या, तुझ्या गावाकडून एखादं बरोबर घेऊन आल्तास का? आमच्याकडं असं काही नव्हतं बाबा."

"आमच्याकडची भुतं पाण्याजवळ राहतात," मी म्हणायचो. "जालन्यात कशाला येतील?"

ह्यावर तो मात्र खरंच हसायचा. नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते त्यालाही ठाऊक होतं.

आमची ती बियाण्यांची पेढी होती. मुख्य कचेरी आणि गोडाऊन जालन्यात, शाखा टेंभुर्णीला आणि भोकरदनला. कुठल्या शाखेत कापसाच्या किती पिशव्या उरल्या, बाजरी कुठली संपली, हे सगळं जालन्याच्या मोठ्या मशीनमध्ये. सर्व्हर हा शब्द आम्ही कागदावर लिहायचो, तोंडी मोठं मशीन. शाखेतल्या माणसाला साधं बिल करायचं तरी आधी फोनवरून या मशीनपर्यंत यायचं, आपलं नाव आणि पासवर्ड द्यायचा, मग काम. खेड्यातली लाईन दिवसातून कितीदा तरी तुटायची, आणि तुटली की पुन्हा पहिल्यापासून. एरवी याचं कुणाला काही वाटत नाही. पण मृगाच्या तोंडावर काउंटरसमोर माणसं उभी असतात, गावाकडची एसटी सुटायला आलेली असते, आणि अशा वेळी पडद्यावर एक पांढरा चौकोन नुसता लुकलुकत राहिला तर काउंटरमागच्या माणसाला घाम फुटतो.

हे सगळं नीट चालतं की नाही ते बघायचं काम माझं होतं. माझी शाळा सातवीत सुटलेली. ते काम माझ्याकडे कसं आलं हे सांगायचं तर काकांचंच सांगावं लागतं.

जमिनीखालून फोनच्या केबल टाकणाऱ्या एका ठेकेदाराबरोबर मी जालन्याला आलो होतो. खड्डे खणायचे, केबल ओढायची, खड्डे बुजवायचे. तिथे मला कावीळ झाली. ठेकेदाराचं काम उरकलं, तो पुढे परभणीकडे गेला, आणि मी पेढीच्या फाटकासमोरच्या लिंबाखाली अंथरूण टाकून पडलो, कारण शेवटचा खड्डा तिथेच खणला होता. काका रोज त्या वाटेने यायचे. पेढीची कॉम्प्युटरची खोली त्यांच्याकडे. बायको लवकर गेलेली, मूल नाही, गाव जांब समर्थ. दोन दिवस त्यांनी मला येताजाता पाहिलं. तिसऱ्या दिवशी उठवलं आणि फाटकातून आत घेऊन निघाले. वॉचमनने काठी आडवी धरली.

"कोन हाय हा?"

"आपला हाय," काका म्हणाले.

बस, एवढंच. वॉचमनने काठी उचलली. माझं शिक्षण, गाव, जात, काही म्हणता काही कुणी विचारलं नाही, कारण काकांनी सांगितलं होतं. पुढे गोडाऊनच्या मागच्या खोलीत माझं अंथरूण पडलं, महिनाभर उसाचा रस आणि ताक, आणि बरा झाल्यावर काकांच्या हाताखाली काम. वायर सोलणं, कनेक्टर दाबणं, मग मोडेम, मग हळूहळू पडद्यावरच्या आज्ञा. इंग्रजी मला यायचं नाही. काका म्हणायचे, "इंग्रजी न्हाई, ही मशीनची बोली हाय. तिला कुठं तुझ्या मास्तरचं इंग्रजी येतं?"

आमच्याकडे सगळ्यांना काकांची एक खोड माहीत होती. सुरुवातीच्या काळात शाखांचा फोन आधी काकांकडे यायचा, मग ते हाताने मोडेम लावून द्यायचे. समोरचा आवाज रोजचा, ओळखीचा असला तरी ते विचारायचेच: "कोन? कुठून? काम काय?" टेंभुर्णीच्या शाखेत एक ताई काम करायच्या. शेतकऱ्याच्या घरच्या, बारावी शिकलेल्या, बोलायला मोकळ्या. त्या चिडवायच्या, "काका, कालच तर बोलले मी. आज काय नवी झाले का?" काका म्हणायचे, "काल आल्तीस ती तूच कशावरून? नाव सांग, गाव सांग." मग ताई सगळं सांगायच्या, कधी कधी सासऱ्याचं नावसुद्धा. पुढे काकांनी ते सगळं आपोआप होईल असं करून ठेवलं. फोन आला की मोडेम स्वतःच उचलायचा. काकांचं विचारणं संपलं, असं आम्हाला वाटलं.

काका गेले ते फाल्गुनात, छातीत दुखून, सरकारी दवाखान्यात. मी बाहेर बाकावर होतो. ते दिवस मी लिहू शकत नाही, म्हणून पुढचं लिहितो. त्यांच्या खोलीत शेठजींनी तेराव्यापर्यंत समई लावायला सांगितली. शेठजींचं घराणं राजस्थानातलं, पण तीन पिढ्या जालन्यात. त्यांच्या रिवाजाप्रमाणे गेलेल्या माणसाच्या वापरातल्या वस्तू त्याच्या नावाने दान करायच्या. काकांची छत्री, चपला, पितळेचा डबा, सायकल, सगळं दिलं गेलं. मग शेठजींची नजर काकांच्या टेबलाखालच्या जुन्या कॉम्प्युटरवर गेली. त्याला पडदाही नीट नव्हता. बरीच वर्षं नुसता चालू असायचा, पंख्याचा बारीक आवाज करत, आणि कुणी त्याच्यावर काम करताना दिसायचं नाही. शेठजी म्हणाले, "हे त्यांच्या गावच्या शाळेला देऊ. मुलं शिकतील, त्यांना पुण्य लागेल." गोडाऊनमधला एक बरा पडदा त्याला जोडला. झेंडूचा हार घातला. मी स्वतः प्लग काढला आणि टेम्पोत मशीन मांडीवर घेऊन बसलो, खड्ड्यात आदळू नये म्हणून.

जांबच्या शाळेत मुलं रांगेने उभी होती. मुख्याध्यापकांनी दोन शब्द सांगितले. काकांची थोरली बहीण आली होती. सगळे तिला आक्का म्हणत. तिने पडद्यावरून दोन्ही हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली, माणसाची दृष्ट काढतात तशी.

"ह्याच्यात त्याचं काही हाय का रे?" तिने मला विचारलं.

"नाही आक्का. आता रिकामंच आहे," मी म्हणालो. मला खरोखरच तसं वाटत होतं.

मग ते मशीन कचेरीतल्या लाकडी कपाटात हारासकट ठेवलं गेलं. वर्गात प्लग नव्हता. प्लग बसला की मशीन बाहेर काढू, असं मुख्याध्यापक म्हणाले.

नंतर काही दिवस धंदा मंद होता. शाखांतून क्वचितच कुणी मशीनवर यायचं. आलं आणि थांबावं लागलं तरी लाईनला दोष देऊन मोकळं व्हायचं. उन्हं तापली, सीझन जवळ आला, तशा तक्रारी वाढल्या. भोकरदनचा कारकून म्हणाला, हो, आमच्याकडेही तसंच. आणि कचेरीत बसलेल्यांना मात्र काहीच त्रास नाही. जालन्यातून मोठ्या मशीनमध्ये शिरायला डोळ्याचं पातं लवायचाही वेळ लागायचा नाही. फक्त बाहेरगावहून येणाऱ्याला उभं राहावं लागायचं. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त खायची. कारण काकाही बाहेरच्यालाच विचारायचे.

काकांच्या जागी नवीन साहेब आले होते. औरंगाबादला शिकलेले, हळू आवाजात बोलणारे. मला ते अहो-जाहो करायचे आणि त्यानेच माझा जीव अर्धा व्हायचा. पहिल्या आठवड्यात त्यांनी विचारलं, "तुमचं शिक्षण?"

मी सांगितलं.

"आणि इथे तुम्हाला कोणी घेतलं?"

"काकांनी."

"कागद काही? नेमणुकीचा?"

कागद कुठला असणार. साहेबांनी मान हलवली. रागावले नाहीत. म्हणाले, "हे बघा, तुमच्याबद्दल माझं वाईट मत नाही. पण शाखांचं हे थांबणं सीझनच्या आधी गेलं पाहिजे. नाही गेलं तर पुण्याच्या कंपनीला काम द्यावं लागेल, शेठजींशी तसं बोलणं झालंय. ते त्यांचा माणूस इथे ठेवतील. मग तुमच्यासाठी काय करता येईल, मला सांगता येणार नाही."

त्या रविवारी एसटीडीवरून आईला फोन केला. शेजाऱ्यांकडे फोन, आई धावत यायची, धाप लागलेली असायची. काका गेल्याचं तिला आधीच सांगितलं होतं. तिने एवढंच विचारलं, "आता थंय तुका कोण आसा?" तिथे तुझं आता कोण आहे. मी म्हणालो, आहेत सगळे. फोन ठेवला आणि बूथच्या काचेत बराच वेळ स्वतःकडे बघत राहिलो.

मग मी कामाला लागलो. जे जे माहीत होतं ते ते केलं. मोडेम बदलला. फोनची तार खांबापासून टेबलापर्यंत नवी ओढली. फोनच्या डबीत मुंग्या होत्या, त्या झाडल्या. लाईनमनला चहा पाजून टेलिफोन खात्याच्या बाजूचे सांधे बघायला लावले. ते चांगले निघाले. भोकरदनचा मोडेम एसटीने टेंभुर्णीला पाठवला आणि टेंभुर्णीचा भोकरदनला. काही फरक नाही. मोठ्या मशीनवर ताण पडतो का म्हणून दुपारी सगळ्यांना कामं बंद ठेवायला सांगितली, आणि एकट्या टेंभुर्णीला यायला लावलं. मोडेम वाजला, खाकरला, शांत झाला. मी लाल दिव्याकडे बघत बसलो. कचेरी रिकामी, पंखा बंद, बाहेर लिंबाचं पान हलत नव्हतं. काकांच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. टेबलाखाली जिथे मशीन असायचं तिथली फरशी बाकीच्या फरशीपेक्षा पांढरी दिसत होती. आणि मला पक्कं वाटलं की आत कुणीतरी मान वर करून, आवाज न करता, विचारतंय. मी उठून दार लावलं. मग वाटलं, काकांच्या तोंडावर दार लावलं. पुन्हा उघडलं.

दुसऱ्या दिवशी टेंभुर्णीची एसटी पकडली. तिकडून काय दिसतं ते एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

शाखेत दहा-बारा माणसं उभी होती. ताईंनी लाईन लावली. मोडेम वाजला. पडदा काळा, डाव्या कोपऱ्यात पांढरा चौकोन लुकलुकतोय. ताईंनी दोन्ही हात कळफलकावरून उचलून मांडीवर ठेवले आणि पडद्याकडे बघून, अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "मी हाय काका. टेंभुर्णीहून. बिल करायचंय."

मी दचकलो. रांगेतलं कुणीच दचकलं नाही.

"सांगा बाई नीट," एक म्हातारे म्हणाले. "सासऱ्याचं नाव सांगा. मागल्या बारीला ते राह्यलं होतं म्हणून उशीर लागला."

"सांगितलं होतं बाबा. तुम्हीच मधी बोलले."

थोडा वेळ गेला आणि पडद्यावर नाव विचारणारी ओळ आली. ताईंनी माझ्याकडे बघितलं. "बघा भाऊ. सांगितलं की घेतेत आत."

"आणि नाही सांगितलं तर?"

"न्हाई सांगितलं तर कसं घेतील?"

त्यांनी कधी न सांगता बघितलंच नव्हतं. मला हसू आलं नाही. भोकरदनचा कारकूनही तसंच करत असे, हे मला नंतर कळलं. तो जरा लाजून, मनातल्या मनात नाव घ्यायचा. म्हणून सीझन जवळ येईपर्यंत नीट तक्रारच आली नव्हती. काका गेलेत, त्यांना थोडा वेळ लागणार, असं धरून सगळे मुकाट थांबत होते.

रांग ओसरल्यावर ताईंनी चहा सांगितला. म्हणाल्या, "एक सांगू का भाऊ? मी कुणाला बोलले न्हाई. मान्सं तेराव्याला जातेत ना? काका गेले तव्हापासून तेराव्यापर्यंत इथं काहीच नव्हतं. लाईन लागली की बराबर आत. तेरावा झाला, अन् मंग हे सुरू झालं. बाकीचे तेराव्याला जातेत, हे तेराव्यानंतर आले."

"नक्की?"

"बिलकुल. तेराव्याच्या सकाळी मी काम केलंय. पुढच्या सोमवारी पहिल्यांदा अडलं."

परतीच्या एसटीत खिडकीतून गरम वारा येत होता आणि मी तेराव्यापासूनचे दिवस बोटांवर मोजत होतो.

सकाळी मी साहेबांपुढे उभा राहिलो आणि जे जे केलं ते सांगितलं. ताईंचं बोलणं तेवढं गाळलं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग पेन खाली ठेवून एकच प्रश्न विचारला, "थांबतं ते नाव विचारायच्या आधी की पासवर्ड दिल्यानंतर?"

"आधी. नावच विचारत नाही लवकर."

"आणि एकदा आत गेलं की?"

"मग पळतं."

"म्हणजे लाईन चांगली आहे. मोडेम चांगला आहे. तुम्ही उगाच तारा बदलल्या." ते खुर्चीत मागे रेलले. "मोठ्या मशीनला येणाऱ्याचा फक्त नंबर दिसतो. या नंबरचा माणूस कोण, हे ते आधी दुसऱ्या कुणाला तरी विचारतं. उत्तर आलं की आत घेतं. उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारतं, वाट बघतं, शेवटी कंटाळून दार उघडतं. तुमचं मशीन कुणालातरी विचारतंय आणि तो बोलत नाहीये. कुणाला विचारतंय ते शोधा."

ते एखादं साधं गणित सांगावं तसं बोलले. त्यांना काकांबद्दलच्या गप्पा ठाऊक नव्हत्या. मी नुसता "हो" म्हणालो आणि बाहेर आलो.

कुणाला विचारायचं हे मशीनमध्ये एका छोट्या फाईलीत लिहिलेलं असतं. ती कशी उघडायची ते काकांनीच शिकवलं होतं. उघडली. आत एकच नंबर होता. तो नंबर मला पाठ होता, कारण काकांनी टेबलाखालच्या त्या मशीनवर पांढऱ्या रंगाने तो स्वतः रंगवला होता. शाखांची सगळी नावं त्या मशीनमध्ये होती. इतकी वर्षं ते रिकामं चालत नव्हतं. टेंभुर्णीहून कुणी आलं की मोठं मशीन काकांच्या मशीनला विचारायचं, हा कोण? आणि काकांचं मशीन सांगायचं, टेंभुर्णीचा आहे, येऊ दे. कचेरीतल्या लोकांची नावं मोठ्या मशीनच्या स्वतःच्या यादीत पहिल्यापासून होती, म्हणून त्यांना थांबावं लागत नव्हतं. बाहेरच्यांसाठी मात्र काकांनाच विचारायचं, अशी काकांनी व्यवस्था लावली होती. आणि आम्ही त्या मशीनला हार घालून जांबला नेऊन कपाटात ठेवलं होतं. तेराव्यानंतर.

आक्काचा प्रश्न तेव्हा मला पुन्हा ऐकू आला. ह्याच्यात त्याचं काही हाय का रे?

मी शेठजींकडे गेलो. त्यांच्या नातीचं लग्न होतं, टेबलावर पत्रिकांच्या गड्ड्या पडल्या होत्या आणि ते त्यांना हळदीचं बोट लावत होते. मी विचारलं, ते मशीन थोड्या दिवसांसाठी परत आणता येईल का. शेठजींनी बोट थांबवलं.

"बेटा, दिलेलं दान वापस मागत नाहीत. आणि ते कुणाच्या नावाने दिलंय ते तर बघ."

बरोबर होतं. मी उगाच विचारलं. खरं तर फाईलीतला तो नंबर मला काढायचा नव्हता, म्हणून आधी दुसरा रस्ता बघितला. त्या फाईलीतून ती ओळ पुसायची म्हणजे या पेढीत काकांचं शेवटचं जे काही काम करत होतं, ते माझ्या हाताने पुसायचं. आणि पुसलं नाही तर मी जाणार. मला आत घेताना वॉचमनने ज्याला विचारलं होतं, तोच माणूस आता उत्तर देत नव्हता. टेंभुर्णी आणि मी, दोघेही त्याच ठिकाणी अडलो होतो.

शेठजी एकेक पत्रिका बाजूला ठेवत होते. सगळ्यात वर, देवाच्या खाली, त्यांच्या वडिलांचं आणि चुलत्यांचं नाव छापलेलं. ते दोघे जाऊन किती वर्षं झालेली. आमच्या कोकणातही असंच. लग्न लावणारा कुणी का असेना, पत्रिकेत पहिलं नाव गेलेल्याचं. नावाआधी 'कै.' एवढं एकच अक्षर येतं. त्यांना कुणी आमंत्रण करायला जायला सांगत नाही, कुणी त्यांची वाट बघत थांबत नाही. पण नाव तिथून हलत नाही.

काकांनी मला एक खूण शिकवली होती. दोन आडव्या आणि दोन उभ्या रेघांची. फाईलीतल्या कुठल्याही ओळीच्या आधी ती घातली की मशीन ती ओळ वाचत नाही, ओलांडून पुढे जातं. "मंग ठेवायची कशाला, पुसून टाकायची ना?" मी तेव्हा त्यांच्याच बोलीत विचारलं होतं. काका म्हणाले होते, "मशीनसाठी न्हाई ठेवायची. पुढं जो माणूस फाईल उघडंल त्याच्यासाठी. त्याला कळायला पाहिजे, इथं आधी काय होतं."

दुपारी मी मोठ्या मशीनच्या स्वतःच्या यादीत टेंभुर्णीचा नंबर लिहिला, समोर नाव लिहिलं. मग भोकरदनचा. दोनदा तपासलं, मग आणखी एकदा. मग ती छोटी फाईल उघडली आणि काकांच्या ओळीच्या आधी ती खूण घातली. पहिल्यांदा भलतंच अक्षर पडलं, ते पुसून पुन्हा घातली.

टेंभुर्णीला शेजारच्या खताच्या दुकानातला फोन लांब वायरने ताईंच्या काउंटरपर्यंत आणलेला होता. मी त्यावर फोन केला.

"ताई, आता लाईन लावून बघा."

"थांबा. माणसं हायेत समोर." मग कळफलकाचा आवाज. इकडे माझ्याजवळ मोडेम वाजला. शीळ, खरखर, शांतता. तिकडे ताई म्हणाल्या, "मी हाय का..." आणि तिथेच थांबल्या.

"काय झालं?"

"आलं की ओ." त्यांचा आवाज एकदम खाली गेला. "नाव विचारून राह्यलंय. मी अजून सांगितलंसुद्धा न्हाई."

"हं."

मागे कुणीतरी म्हातारा म्हणत होता, झालं का बाई, लई जल्दी झालं.

"मंग गेले म्हणायचे," ताई म्हणाल्या.

मी मान हलवली, जसं काही त्यांना ती दिसणार होती.

संध्याकाळी साहेबांनी स्वतः भोकरदनला लावून बघितलं, मग फाईल उघडून बघितली. खुणेच्या मागची ती ओळ त्यांनी वाचली आणि मला विचारलं, ही तशीच का ठेवली? मी सांगितलं, आधी कुणाला विचारायचो ते पुढच्याला कळू दे. त्यांनी फाईल बंद केली. ती ओळ त्यांनी काढली नाही. म्हणाले, "यंदाचा सीझन तुम्हीच बघा. पुण्याचं मी शेठजींना सांगतो." जाता जाता वळले. "आणि नेमणुकीचा कागद करून घेऊ. नाव नीट सांगा, गावासकट."

मी सांगितलं. वडिलांच्या नावासकट.

पुढे त्या पेढीत मी बरीच वर्षं काढली. मशीनं बदलली, फोनच्या तारा गेल्या, मोडेमचा तो खाकरण्याचा आवाज आता कुणाला ठाऊकही नसेल. प्रत्येक नव्या मशीनवर फायली उतरवताना मी ती ओळ खुणेसकट उतरवत गेलो. भर दुपारी काकांच्या खोलीवरून जाताना पाय मात्र आपोआप हळू पडायचे. आत कुणी नव्हतं, हे आता मला माहीत होतं, आणि त्यानेच ती खोली जास्त रिकामी वाटायची.

ताई त्या शाखेत होत्या तोवर मी वर्षातून एकदोनदा टेंभुर्णीला जायचो. लाईन लागायची, पडद्यावर लगेच नाव विचारणारी ओळ यायची. ताई तिला तसंच उभं ठेवायच्या. हात मांडीवर घेऊन आधी तोंडाने म्हणायच्या, "मी हाय काका, टेंभुर्णीहून," आणि मग टाईप करायला लागायच्या. समोरची माणसं थांबायची. कुणी त्यांना घाई केलेली मी बघितली नाही.